फाटकाच्या आत कायदा, बाहेर धंदा

जुलै 2016 मध्ये राज्य सरकारनं एक अध्यादेश काढला आणि फळं, भाजीपाला, कांदा, बटाटा बाजार समितीच्या नियमनातून मोकळे झाले. माल समितीच्या आवारातच आणून विकला पाहिजे ही सक्ती गेली. आवाराबाहेरच्या खरेदीवर समितीचा सेस, म्हणजे बाजार शुल्क, उरला नाही. अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची, असंही त्याच फटक्यात ठरलं. व्यापाऱ्यांनी संप पुकारला, वाशीत गाळ्यांची शटरं खाली आली, लासलगावचे कांदा लिलाव थांबले. टीव्हीवर एका खिडकीत ‘शेतकरी मुक्त झाला’ म्हणणारे आणि दुसरीत ‘शेतकरी वाऱ्यावर सोडला’ म्हणणारे बसले आणि भांडत राहिले.

आज त्या भांडणाकडे पाहिलं तर दोन्ही खिडक्यांतली माणसं एकाच समजुतीवर उभी होती असं दिसतं. बाजाराचा नियम म्हणजे बाजार समितीचं आवार, ही ती समजूत. एकाला ते आवार पाडायचं होतं, दुसऱ्याला राखायचं होतं. पण माल कुणी घेतला, कोणत्या काट्यावर घेतला, पैसे कधी दिले, पोतं कुणी उचललं आणि त्याच्या हातात काय पडलं, हे प्रश्न आवाराच्या फाटकापाशी संपत नाहीत. त्यांची उत्तरं मात्र आपण फाटकाच्या आत कोंडून ठेवली होती. सरकारनं फाटक उघडलं तेव्हा धंदा बाहेर निघाला आणि उत्तरं आत राहिली. माझा आक्षेप नियमनमुक्तीला नाही, तिच्या या अर्धवटपणाला आहे.

मुळात हे कुंपण कुणी आणि कशासाठी घातलं? देशातला पहिला नियमन केलेला बाजार आपल्याच वऱ्हाडात, कारंज्याला, 1886 मध्ये सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजांना तेव्हा शेतकऱ्याचा कळवळा आला होता अशातला भाग नाही. गिरण्यांना स्वच्छ कापूस वेळेवर आणि रास्त भावात हवा होता. शेतकऱ्याची बाजू त्यात नंतर आली, 1928 च्या शाही कृषी आयोगापाठोपाठ, आणि आपल्या राज्याच्या 1963 च्या पणन कायद्यात ती नीट लिहिली गेली: उघडा लिलाव, तपासलेला काटा, परवाना असलेला व्यापारी, त्याच दिवशी पैसे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत होती. मालाचा मालक शेजारी उभा असायचा आणि त्यालाच भाव कळायचा नाही. ती रीत मोडायची तर चारचौघांत मोठ्यानं बोली लावायला हवी होती आणि त्यासाठी एक जागा हवी होती. त्या काळी कुंपण घालणं शहाणपणाचंच होतं.

पुढे कुंपणाच्या आत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गाळे ठरावीक, परवाने ठरावीक, नवा माणूस शिरायचा तर कुणाच्या तरी ओळखीनं. राज्यात तीनशेहून अधिक बाजार समित्या, आणि त्यांचं संचालक मंडळ म्हणजे तालुक्याच्या राजकारणाची पहिली पायरी. लिलावात बोली लावणारे चौघंजण सकाळी एकाच टपरीवर चहा पितात. बोली कुठे थांबायची हे तिथेच कळलेलं असतं. शेतकऱ्याच्या हातात येते ती हिशोबपट्टी. वर मालाचं वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं, अधूनमधून कसली तरी भराई. वजन आता इलेक्ट्रॉनिक भुईकाट्यावर होतं, अख्खा ट्रॅक्टर एका दमात तोलला जातो, तरी पट्टीवर तोलाई आहेच. 2016 पूर्वी याच्यावर अडत होती. शेतकऱ्यानं ठेवलेल्या दलालाला शेतकऱ्यानं पैसे द्यायचे, यात चूक काही नाही. पण अडत्याच खरेदीदाराच्या बाजूला बसलेला असेल तर शेतकरी कशाचे पैसे देत होता?

तेव्हा हे मोडायला हवंच होतं. बाजार समितीची बाजू घेताना पुष्कळ डावे मित्र हा भाग गाळतात आणि हमालाच्या नावानं गाळेवाल्याची वकिली करून बसतात.

पण मोडलं ते कशा रीतीनं? अडतीचंच घ्या. कायद्यानं सांगितलं, अडत खरेदीदारानं द्यायची. खरेदीदारानं हिशेब केला: मला क्विंटलमागे इतके रुपये जास्त लागणार, तर बोली तितकी खाली लावू. बोली लावणारे बरेच असते आणि एकमेकांचे वैरी असते तर असं करता आलं नसतं. त्यातल्या एकानं दुसऱ्याला मागे टाकलं असतं. ते चौघेच असतील तर अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून गायब होते आणि त्याच्या भावातून वजा होते. कागदावर कर कुणावर आहे आणि खिशातून कुणाच्या जातो, या दोन गोष्टी वेगळ्या. खिसा ठरतो तो स्पर्धेवर, आणि स्पर्धा अध्यादेशानं वाढत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं 512 किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव निघाला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात पडला दोन रुपयांचा चेक, आणि तोही पुढच्या तारखेचा. बातमी देशभर गाजली. बाजार समित्या बंद करा म्हणणाऱ्यांनी ती पुरावा म्हणून फिरवली. मला त्यात उलटंच दिसतं. कांदा नियमनमुक्त होऊन तेव्हा साडेसहा वर्षं झाली होती. हा शेतकरी कायद्यानं कुठेही, कुणालाही विकायला मोकळा होता. तरी भाडं भरून तो सोलापूरच्याच आवारात आला, कारण बाहेर घेणारा कुणी नव्हता. पट्टीतल्या कपातीवर बोलायला हवंच, पण किलोला एक रुपया भाव असेल तर नुसतं गाडीभाडंच माल गिळून टाकतं.

बाहेर घेणारा का नव्हता? गोदाम, शीतगृह, प्रक्रिया यांत पैसे घालणारा माणूस दहा वर्षांचा विचार करतो. कांद्यात त्याला दहा आठवड्यांचाही भरवसा नाही. भाव चढले की दिल्लीहून साठ्यावर मर्यादा येते, निर्यात थांबते. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी आली आणि ती उठली मे 2024 मध्ये, पुन्हा शुल्क आणि किमान निर्यात दराच्या अटी घालून. तालुक्याच्या फाटकावर मुक्ती आणि न्हावाशेवाच्या बंदरावर बंदी, अशा बाजारात खासगी भांडवल येईल ही अपेक्षाच भाबडी. मुक्तीचं जोरात समर्थन करणारे या बंदीच्या वेळी गप्प होते, हेही नोंदवून ठेवतो.

बाहेर खरेदी वाढते तेव्हा भाव ठरतो कसा, हा याहून नाजूक मुद्दा. बांधावर येणारा खरेदीदार शेतकऱ्याला विचारतो, आज लासलगावला काय निघालं? वाशीला काय? त्यावर पन्नास रुपये वर-खाली करून सौदा होतो. म्हणजे बाहेरचा व्यवहार आतल्या लिलावाच्या आधारावर चालतो, आणि त्या आधाराचा खर्च मात्र उचलत नाही. सेस देतो आतला. वीज, काटा, रस्ता, लिलावाचा कर्मचारी यांचा खर्च आतल्या सेसमधून. मग आतला व्यापारीही म्हणतो, मी मूर्ख आहे का? तोही रस्त्यापलीकडे शेड घेतो. आतली आवक पातळ होते, लिलावाला जोर राहत नाही, आणि ज्या भावाकडे बघून सगळे सौदे करत होते तो भावच विश्वासाचा उरत नाही. बिहारनं 2006 मध्ये बाजार समिती कायदाच रद्द केला. कुंपण गेलं तसे बाजाराचे आवारही देखभालीवाचून गेले, खासगी बाजार उभे राहतील ही आशा फळली नाही, आणि तिथला शेतकरी धान हमीभावाच्या खाली विकत आला आहे.

याच्या बरोबर उलटं उदाहरण मध्य प्रदेशातलं आहे. तिथं 2000 पासून आयटीसी कंपनीनं सोयाबीन थेट घ्यायला सुरुवात केली, गावागावांत संगणक ठेवून रोजचा भाव दाखवला. अपराजिता गोयल यांनी 2010 मध्ये छापलेल्या अभ्यासात आढळलं की त्यामुळे त्या भागातल्या मंडीतलाच सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्के वाढला. आकडा लहान वाटेल. सोयाबीनच्या शेतकऱ्याला तो लहान नसतो. मंडी जिवंत होती आणि तिला बाहेरून टक्कर देणारा पैसेवाला खरेदीदार आला, म्हणून हे झालं. आपल्याकडच्या कापसाचा अनुभवही काहीसा असाच. 1972 पासून तीस वर्षं एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. शेतकरी रात्री चोरून सीमेपलीकडे कापूस नेऊन विकत होता आणि नाक्यावर त्याला पोलीस अडवत होते, इतकी ती योजना त्याच्या हिताची! 2002 नंतर खासगी खरेदी मोकळी झाली ते चांगलंच झालं. पण भाव पडतो त्या वर्षी विदर्भातला शेतकरी अजून सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र कधी उघडतं याचीच वाट पाहतो.

आता द्राक्षाकडे येऊ, कारण कुंपणाबाहेरचा बाजार कसा असतो ते पाहायला नाशिक आणि सांगलीइतकी चांगली जागा नाही. खाण्याचं द्राक्ष बहुतेक बागेतच विकलं जातं, अध्यादेशाच्या कितीतरी आधीपासून. व्यापारी बागेत येतो, घड हातात धरून मणी बघतो, साखर मोजतो, किलोचा भाव ठरतो. थोडी रक्कम आगाऊ देतो. दुसऱ्या दिवशी मजूर, कात्र्या, क्रेट घेऊन गाडी येते. दोन-तीन तोडे होतात, प्रत्येक तोड्याला थोडे पैसे मिळतात, विश्वास बसतो. शेवटचा मोठा तोडा उधारीवर जातो आणि चेक वटत नाही. हंगाम संपला की भाड्याच्या शेडला कुलूप, मोबाईल बंद, माणूस परराज्यात. दरवर्षी निफाड-दिंडोरीत आणि तासगाव-मिरजेकडे अशा तक्रारी होतात. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा बुडव्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली आणि शेतकऱ्यांचे पैसे वसूल करून दिले. अधिकाऱ्याचं कौतुक आहेच. पण बाजारातली उधारी वसूल करायला महानिरीक्षक लागावा, याला मोकळा बाजार म्हणायचं?

यावर कुणी म्हणेल, मग केंद्राचे 2020 चे तीन कृषी कायदे हेच तर करत होते. त्यातल्या व्यापार कायद्याखाली कुठल्याही पॅन कार्डवाल्याला बाहेर खरेदी करता येणार होती, आणि ते अगदीच ढिलं होतं. पण एक कलम चांगलं होतं: पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामाच्या दिवसांत, नाहीतर प्रांताधिकाऱ्याकडे तक्रार. पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2020 च्या ‘मन की बात’मध्ये या कायद्याच्या यशाचं उदाहरण दिलं ते धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचं. त्यानं मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्यांना तीन लाखांहून अधिक रुपयांचा मका विकला होता, थोडी आगाऊ रक्कम सोडता पैसे थकले होते, आणि प्रांताकडे तक्रार केल्यावर ते मिळाले. हे उदाहरण नीट पाहा. मुक्तीच्या कायद्याचं सर्वांत गाजलेलं यश त्यातल्या नियमनाच्या कलमाचं होतं! सौदा मंडीबाहेरचा, दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याशी झालेला, तरी नियम त्याच्या मागोमाग गेला, म्हणून त्या शेतकऱ्याचे पैसे सुटले. ते कायदे पुढे जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगित केले आणि वर्षाअखेर रद्द झाले; रद्द करताना हे कलमही सगळ्यांबरोबर गेलं, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंपैकी कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही.

शेतकरी आणि व्यापारी यांच्याबद्दल आपण निदान भांडतो. ज्याच्या डोक्यावरून हा बाजार चालतो त्याची आठवण संपाच्या दिवशीच होते.

मशीद बंदर आणि दाणा बंदरच्या जुन्या बाजारात सातारा, सांगली, जुन्नर, आंबेगावकडून आलेली माणसं क्विंटलची पोती पाठीवर वाहत होती. मुकादम काम देईल तेव्हा काम आणि मुकादम देईल ती मजुरी. मालक कोण, याचंच उत्तर नव्हतं. सकाळी एका पेढीचा ट्रक, दुपारी दुसरीचा, संध्याकाळी तिसरीचा. पाठ मोडली तर जबाबदारी कुणाची, तर कुणाचीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि 1969 मध्ये अशा ओझं वाहणाऱ्या कामगारांसाठी माथाडी कायदा झाला. या कायद्यातली कल्पना मला अजून अचाट वाटते. मालक एक नाही, मग संरक्षण मालकाला बांधायचंच कशाला? ते कामाला बांधायचं. टोळीनं गाडी खाली केली की मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, व्यापाऱ्यानं माथाडी मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. दिवसात पाच व्यापाऱ्यांच्या गाड्या खाली केल्या तरी खातं एकच. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत आज हमालांची मुलं इंजिनिअर आणि नर्स झालेली दिसतात, ती या हिशेबातून.

कायद्याच्या अक्षरात ही लेव्ही बाजार समितीच्या फाटकापुरती कधीच नव्हती. वसुली मात्र तिथेच होती, कारण तिथे फाटक होतं, गाडीची नोंद होती, नोंदीत मालक होता, आणि मुख्य म्हणजे टोळी एकत्र होती. रस्त्यापलीकडच्या खासगी शेडमध्ये यातलं काहीच नाही. तिथे ठेकेदार रोजंदारीची पोरं आणतो, बरीचशी परप्रांतातली, नाव कुठे लागत नाही. कायदा रद्द करायची कुणाला गरजच पडत नाही. काम हललं की कायदा आपोआप रिकामा होतो. आतला व्यापारी लेव्ही भरतो, बाहेरचा भरत नाही, आणि दोघं एकाच गिऱ्हाइकाला एकच टोमॅटो विकतात. यात पैसे वाचतात म्हणून बाहेरचा व्यापारी पुढे जातो, आणि नियमनमुक्तीचे प्रशंसक त्याला कार्यक्षमता म्हणतात. खर्च कमी झालेला नसतो, तो हमालाच्या म्हातारपणावर ढकललेला असतो.

नोव्हेंबर 2018 मध्ये सगळाच शेतमाल बाहेर मुक्त करायचं विधेयक सरकारला व्यापारी आणि माथाडींच्या संपामुळे मागे घ्यावं लागलं, त्यामागे ही भीती होती. एरवी हमालीच्या दरावरून रोज तंडणारे दोन वर्ग त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मला ती युती फसवी वाटली होती, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये नाशिकमध्ये ती फुटलेली दिसलीच. थकीत लेव्ही कुणी भरायची यावरून व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई कापायलाच नकार दिला. शेतकऱ्याच्या बाजूचा वाटावा असा हा पवित्रा, पण हमाली आपण भरायचीही तयारी नाही. माथाड्यांनी काम सोडलं, जिल्ह्यातल्या बाजार समित्या बंद पडल्या, आणि उन्हाळ कांदा काढून बसलेला शेतकरी ट्रॅक्टर भरून बघत राहिला. तिघांच्या भांडणात ज्याचा माल नासतो तो हरतो.

माथाडी व्यवस्था गंगेसारखी निर्मळ आहे असं कुणी समजू नये. बिल्ला एकाच्या नावावर आणि पोतं उचलणारा ‘बदली’ दुसराच, मजुरीत वाटा, ही तक्रार जुनी आहे. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या दारात माथाडीच्या नावानं खंडणी मागणाऱ्या टोळ्यांबद्दल उद्योजक बोलतात आणि सरकारनंही ते मान्य केलं आहे. शिवाय माणसानं पाठीवर पोती वाहणं ही जपायची परंपरा मुळीच नाही. फोर्कलिफ्ट यावी, पट्टे यावेत. लेव्हीमुळे यंत्र लवकर येत असेल तर येऊ दे. त्याच लेव्हीतून हमालाला यंत्र चालवायला शिकवता येतं. बिनालेव्हीच्या शेडमध्ये मात्र यंत्रही येत नाही, कारण माणूस फार स्वस्त असतो.

आणि कुंपणाच्या आतल्या संरक्षणाचं कौतुक करताना मी एक गोष्ट विसरू इच्छित नाही. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर बायका दिवसभर उकिडव्या बसून कांदा निवडतात. जोड, मोड आलेला, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा करतात. टरफलाची धूळ नाकातोंडात. त्या निवडीवर निर्यातीचा भाव ठरतो. त्यांची टोळी नाही, बिल्ला नाही, लेव्ही नाही, रोज मात्र पुरुष हमालापेक्षा कमी. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये पांढरी टोपी घालून घड साफ करणाऱ्या बायकांचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. जुन्या व्यवस्थेचा नियम आवाराला बांधलेला होता हे यांच्याकडे पाहिलं की पटतं: काम त्याच मालाचं, त्याच साखळीतलं, पण भिंतीच्या चुकीच्या बाजूला.

मग करायचं काय? आतलं कुंपण तर काढाच. बाजार समितीत ज्याला बोली लावायची त्याला परवाना मिळू दे, गाळा असो नसो. पण सेस आत-बाहेर सारखा ठेवा, एक टक्क्याहून कमी असला तरी चालेल, पण सारखा. तरच व्यापारी रस्ता ओलांडायचा की नाही हे धंदा बघून ठरवेल. कर चुकवायला शेड बदलणारा आणि खरोखर चांगलं शीतगृह बांधणारा, हे दोघं आज कागदावर सारखे दिसतात. लेव्ही वजनावर लावा, जागेवर नको, आणि निवड-प्रतवारी हेही काम समजा. शेतकऱ्याच्या पट्टीतून ती कापायची नाही, मालाच्या घेणाऱ्यानं भरायची. स्पर्धा वाढल्याशिवाय तिचा काही भाग भावात वळता होईल, हे मी वर अडतीबद्दल लिहिलंच आहे; म्हणून परवाने मोकळे करणं आणि लेव्ही सगळीकडे नेणं ही कामं एकत्रच व्हायला हवीत, आधी एक आणि मग जमलं तर दुसरं असं नाही.

इन्स्पेक्टर राज येईल, हा आक्षेप नेहमीचा. बाहेरच्या हजारो सौद्यांवर नजर कोण ठेवणार? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न बिनतोड होता. आज बांधावरच्या सौद्याचे पैसेसुद्धा बहुधा बँकेतून किंवा फोनवरून जातात. राजस्थाननं 2023 मध्ये ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरी आणि टॅक्सीवाल्यांसाठी कायदा केला त्यात प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क आहे. माथाडी लेव्हीचाच तो नवा अवतार. जी कल्पना आपण 1969 मध्ये दाणा बंदरात वापरली ती तिकडे मोबाईलमध्ये शिरते आणि आपल्याकडे भुईकाट्यावर थांबते, हे काही ठीक नाही.

उधारीची भानगड सोडवायला तर एवढंही लागत नाही. दुसऱ्याचा माल पैसे न देता उचलून नेणाऱ्याकडून अनामत घ्यावी, ही साधी गोष्ट. शेतकरी अडत्याकडेच का जातो, याचं खरं कारण पुष्कळदा उचल असते. औषधाला, मजुरीला, मुलीच्या लग्नाला अडत्यानं दिलेले पैसे. माल त्याच्याकडेच घालायचा, असं न लिहिलेलं कलम त्यात असतं. बाहेर विकायला तुम्ही मोकळे आहात, असं अशा शेतकऱ्याला सांगणारा अध्यादेश त्याच्या कर्जाचं काय करतो? काहीच नाही. जिल्हा बँका आजारी आहेत, सोसायटीचं कर्ज वेळेवर येत नाही, तोवर अडत्याची वही हाच त्याचा बाजार. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपन्यांना जे काही जमलं त्यात माल गोळा करण्याइतकाच वाटा निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) आणि पैसा वेळेवर पोचवण्याचा आहे. पण अशा कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

सुरुवात द्राक्षापासून करता येईल. हंगाम ठरलेला, तालुके ठरलेले, शेडं भाड्यानं कुणी घेतली ते गावाला माहीत असतं. हंगामाआधी खरेदीदारानं पणन मंडळाकडे नाव नोंदवावं, अंदाजे खरेदीच्या प्रमाणात अनामत किंवा बँक हमी ठेवावी, प्रत्येक तोड्याची पावती फोनवर शेतकऱ्याला आणि मंडळाला एकाच वेळी जावी, त्याच पावतीवर तोडणाऱ्या-भरणाऱ्या मजुरांची लेव्ही लागावी. एप्रिलअखेर ज्याच्या नावावर थकबाकी नाही त्याची अनामत व्याजासह परत. नोंद नसलेल्याला शेड भाड्यानं देणाऱ्या मालकालाही जबाबदार धरावं. तो स्थानिक असतो, पळून जात नाही. प्रामाणिक निर्यातदार याला विरोध करतील असं मला वाटत नाही, कारण बुडवे व्यापारी दोन रुपये जास्त भाव बोलून त्यांचाच माल पळवतात.